रविवारची हवा

"लांब उभे राहा. तुमचा श्वास लागतोय त्याला."

भाट्याच्या किनाऱ्यावर हे वाक्य मी किती रविवार ऐकलं ते सांगता येणार नाही. सुरूच्या झाडांपलीकडे, भरतीची ओल जिथे संपते तिथे माझी बायको एक लाकडी पाट मांडायची आणि पाटावर एक डबी ठेवायची. डबी चष्म्याच्या घराएवढी, पांढरी. एका अंगाला बारीक जाळी, वर आकडा दाखवणारी छोटी काच, आणि कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने मिणमिणणारा हिरवा ठिपका. डबी ठेवली की ती मूठभर वाळू उचलून सोडायची, वारा कुठून येतोय ते बघायची, आणि मला दंडाला धरून दहा पावलं वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्यायची. तिथे आम्ही अर्धा तास उभं राहायचं. याला ती 'डबीला हवा दाखवणं' म्हणायची.

एकदा सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. पाटावर पांढरं काहीतरी, आणि समोर हात बांधून उभं असलेलं जोडपं बघून म्हणाले, "काय ओ, समुद्राला नैवेद्य काय?"

"नैवेद्यच आहे," बायको म्हणाली. "पण वाढणार समुद्र आणि खाणार डबी."

ते हसले आणि गेले. ती मात्र हसली नाही. घड्याळ बघत होती.

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. मी हे लिहितोय ते त्या डबीबद्दल, आणि डबीवरून मी जे खोटं बोललो त्याबद्दल.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात नोकरीला होतो. मी ग्रंथालयात, ती पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. मी वाचायचो, ती उघडून बघायची. घरातलं घड्याळ, मिक्सर, माझा रेडिओ, सगळं एकदा तरी तिच्या टेबलावर सुटं होऊन पडलेलं आहे. निवृत्तीला काही वर्षं असतानाच तिने नोकरी सोडली आणि एका जुन्या विद्यार्थिनीला भागीदार घेऊन औद्योगिक वसाहतीत एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तिथे त्या दोघी वायू मोजणाऱ्या डब्या बनवायच्या. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः आंब्याचे बागायतदार. हल्ली मोठे बागायतदार पेंढ्यात आंबा पिकवत नाहीत. बंद खोल्या बांधतात, आत तापमान राखतात, आणि शेकडो क्रेट एकावर एक रचून ठेवतात. आंबा त्या खोलीत श्वास घेत असतो.

हे मला तिनेच सांगितलं. "झाडावरून उतरवला म्हणजे मेला असं नाही हो. तो श्वास घेतो. पिकताना तर धापा टाकतो." त्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बंद खोलीत साठतो. क्रेट हलवायला माणूस आत गेला आणि वायू फार झालेला असला तर डोकं जड होतं, चक्कर येते, आणि वेळेवर बाहेर नाही आला तर त्याहून वाईट होतं. वायूला रंग नाही, वासही नाही. नाकाला येतो तो फक्त आंब्याचा. म्हणून खोलीत डबी.

डबीच्या आत काय असतं ते तिने मला एकदा जेवणाच्या टेबलावर दाखवलं होतं. करंगळीएवढी एक नळी, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. एका टोकाला बारीक दिवा. दुसऱ्या टोकाला मसुराच्या डाळीएवढे दोन डोळे. दिव्यातून अवरक्त किरण निघतात, म्हणजे आपल्याला न दिसणारा उष्णतेचा उजेड. त्या उजेडातली एक छटा हा वायू पिऊन टाकतो. एक डोळा तेवढीच छटा बघतो, दुसरा शेजारची, जिला वायू तोंड लावत नाही. दोघांना दिसतं त्यातला फरक म्हणजे वायू किती ते, हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. कॉलेजात ती नव्याने लागली तेव्हा असलं यंत्र अर्धं टेबल अडवून बसायचं. आता ते खिशात मावत होतं. "वरून जे उपग्रह जातात ना, तेसुद्धा हेच करतात," ती म्हणाली होती. "त्यांचा दिवा सूर्य आणि नळी म्हणजे आपली सगळी हवा. डोळा मात्र हाच." मी आमटी ओरपत होतो. तिने नळी माझ्या ताटापासून लांब सरकवली.

खोल्यांतल्या डब्यांना बाहेरची हवा कधी मिळत नाही, त्यामुळे त्यांचा आकडा हळूहळू सरकतो. मग त्या गाळ्यात आणायच्या आणि एका मुख्य डबीच्या शेजारी ठेवून तिच्याप्रमाणे लावून घ्यायच्या. भाट्याला जायची ती ही मुख्य डबी. तिला एक सवय घालून दिलेली होती. आठवडाभरात जी सगळ्यात स्वच्छ हवा तिच्या वाट्याला येईल ती उघड्यावरची हवा असं ती मानायची आणि तिथून पुढे मोजायची. म्हणून आठवड्यातून एकदा तिला खरोखर उघड्यावर न्यायचं. नाही नेलं तर डबी बिघडत नाही, बंदही पडत नाही. फक्त कोंदट हवेलाच स्वच्छ मानायला लागते.

"पाया वीतभर चुकला तर?" ती विचारायची, आणि उत्तरही तीच द्यायची. "वर भिंत हातभर चुकते."

आजार उघड झाल्यावर तिचं गाळ्यात जाणं थांबलं. मुख्य डबी तिने घरी मागवून घेतली आणि खोलीत पलंगासमोरच्या फळीवर ठेवली. तिला वाऱ्याची झुळूकही सोसत नव्हती, त्यामुळे दुपारी खिडक्या लावलेल्या असायच्या. मी खुर्ची घेऊन तिच्या शेजारी वाचत बसायचो. खोलीत आम्ही दोघं असलो की आकडा चढत चढत साडेआठशे-नऊशेवर जाऊन ठरायचा. मी चहा करायला किंवा औषधं आणायला गेलो की उतरायचा आणि सहाशे-साडेसहाशेवर थांबायचा. पहिल्याला ती दोघांचा आकडा म्हणायची, दुसऱ्याला एकाचा.

"तुम्ही वाचताना श्वास कमी घेता," एकदा म्हणाली. "बघा, वीसने खाली आला."

"पुस्तक तसं आहे."

"मग मोठ्याने वाचा. आकडा तरी चढेल."

मी मोठ्याने वाचायला लागलो. त्यानंतर शेवटपर्यंत मी तिला मोठ्यानेच वाचून दाखवलं. कधी कधी ती डोळे मिटून पडलेली असायची, आणि ऐकतेय की झोपलीय ते कळायचं नाही. पण आकडा दोघांचा असायचा.

रविवारी डबी मी एकटा न्यायचो. रिक्षाने भाट्याचा पूल ओलांडायचा, पाट मांडायचा, वाळू सोडायची, दहा पावलं मागे जायचं. घरी आलो की तिचा पहिला प्रश्न, "किती आला?"

"चारशे एकवीस. मधेच चारशे अठरा."

"लांब उभे होतात ना?"

"दहा पावलं."

"तुमची पावलं आखूड आहेत. बारा टाकत जा."

ती गेल्यावर मी भाट्याला गेलो नाही. पहिल्या रविवारी घरात माणसं होती. दुसऱ्या रविवारी कुणी नव्हतं. पाट हातात घेतला, दारापर्यंत गेलो, आणि परत फडताळात ठेवून दिला. परत आल्यावर किती आला ते कुणाला सांगणार, असं काहीतरी मनात आलं असावं. आता नीट आठवत नाही.

तिच्या खोलीच्या खिडक्या लावलेल्याच राहिल्या. त्या उघडल्या असत्या तर काय गेलं असतं? तिच्या श्वासातली हवा काही तासांत कधीच निघून गेली होती, हे मला ठाऊक होतं. तिच्या तेलाचा वासही महिन्याभरात विरला. तरी खिडकीची कडी काढायला हात होत नव्हता. दुपारी तिथेच जाऊन बसायचो, पुस्तक घेऊन, मनातल्या मनात वाचत. समोर डबीचा हिरवा ठिपका चालू. घरात तिने चालू ठेवलेली ती एकच गोष्ट उरली होती.

तिची भागीदार रविवारी संध्याकाळी फोन करायची. ती आमच्याकडे कॉलेजात होती तेव्हापासून मला काका म्हणते आणि बायकोला मॅडम म्हणायची. आता पस्तिशीच्या पुढची आहे, दोन मुलं आहेत, नवरा मुंबईला. गाळा ती एकटीच बघते.

"काका, जेवलात?"

"हो."

"डबीला हवा दाखवलीत?"

"हो."

पहिल्यांदा हो म्हणालो ते उगाच बोलणं वाढू नये म्हणून. नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं, आणि खिडकीपर्यंत गोष्ट गेली असती. दुसऱ्या रविवारी हो म्हणालो ते पहिल्या रविवारी म्हटलं होतं म्हणून. पुढे प्रश्न आणि उत्तर दोन्ही जेवणाच्या चौकशीसारखीच झाली.

एप्रिलमध्ये मेव्हण्याने गावाहून आंबा पाठवला. दरवर्षी पाठवतो, बहिणीच्या माहेरचा आंबा म्हणून. या वर्षी पाठवेल असं वाटलं नव्हतं. टेम्पोतून चार पेट्या आणि पेंढ्याचा भारा उतरला, बरोबर चिठ्ठी, 'ताईच्या खोलीतच घाला, तिथेच नीट पिकतो.' खरं होतं. ती दर वर्षी आपल्या पलंगाखाली अढी घालायची. मी गुडघ्यांवर बसून तशीच घातली. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, परत पेंढा, परत आंबे. देठ खाली करून ठेवायचे की वर, हे आठवेना. ती ठेवायची तेव्हा मी दारात उभा राहून वर्तमानपत्र वाचत असायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीवर बसलो आणि काचेकडे बघितलं तर आकडा सातशेच्या पुढे होता. थोड्या वेळाने आठशे. पुस्तक मांडीवर तसंच राहिलं. साडेआठशे. नऊशेला पाच कमी असताना ठरला.

दोघांचा आकडा.

मी उठून बाहेर गेलो, स्वयंपाकघरात पाणी प्यायलो, मुद्दाम वेळ काढून परत आलो. साडेसहाशे. एकाचा. मी बाहेर असतानाही खोलीत कुणीतरी एक श्वास घेत होतं.

मी चाळीस वर्षं पुस्तकांत काढली आहेत, आणि आंबा श्वास घेतो हे ज्या बाईने मला सांगितलं तिच्याबरोबर त्याहून थोडीच कमी. पलंगाखाली चार पेट्या आंबा होता, मीच ठेवलेला. मला ते माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दुपारी मी ते मनात येऊ दिलं नाही. दार लोटून घेतलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली, आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्याने वाचायला लागलो.

पाच-सहा दिवस तसे गेले. रोज दुपारी दोन प्रकरणं. आवाज बसला तेव्हा मिठाच्या गुळण्या केल्या. शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुणी आलंय का हो तुमच्याकडे. मी म्हणालो, पारायण करतोय.

मग आकडा उतरला. एका दुपारी बघतो तो सहाशेच्या वर जाईना. दुसऱ्या दिवशी तर मी खोलीत असूनही साडेचारशेच्या आतबाहेर. डबीने बंद खोलीतल्या, आंब्यांच्या आणि माझ्या श्वासाने भरलेल्या हवेला स्वच्छ मानून टाकलं होतं. तिच्या लेखी खोलीत आता कुणीच नव्हतं. मीही नव्हतो. त्याचं मला वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवायला हवं. उलट थोडं हलकं वाटलं.

त्याच आठवड्यात भागीदार डबी न्यायला आली. हंगाम भरात होता, दोन डब्या लावून द्यायच्या होत्या. मी डबी बाहेर आणून तिच्या हातात दिली. खोलीत येऊ दिलं नाही.

"दर रविवारी हवा दाखवताय ना, काका?"

"हो तर."

तिने अंगणात जाऊन एकदा काचेकडे बघितलं. चारशे होता. "बरोबर हाय," म्हणाली आणि स्कूटर सुरू केली. संध्याकाळी डबी परत आणून दिली. मी ती फळीवर ठेवली.

तीन दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, ती न सांगता आली. खांद्याच्या पिशवीत दोन डब्या. चप्पल काढताना एक चप्पल उलटी पडली ती तशीच ठेवली. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून उभीच राहिली.

"काका, एका बागायतदारांचा फोन आला होता सकाळी. त्यांचा माणूस खोलीतून बाहेर आला नि पायरीवर बसला. डोकं धरून. म्हणे आत जड वाटतंय, पाय लटपटतायत. आणि डबी म्हणत्येय सगळं ठीक हाय."

"आता कसा आहे?"

"बरा हाय. सरबत दिलं, पंख्याखाली बसवला, दुपारपर्यंत चालता झाला. मालक मला काय म्हणाले माहित्येय? म्हणाले, बाई, तुमच्या डबीपेक्षा आमच्या गड्याचं नाक बरं. मॅडम असत्या तर असं झालं नसतं." तिने ग्लास खाली ठेवला. "मी दोन्ही डब्या उघडून बघितल्या. दिवा ठीक, डोळे ठीक. चुकल्यात, पण दोन्ही सारख्याच चुकल्यात. दोघी एकाच शिक्षिकेकडे शिकल्या ओ काका. म्हणून इकडे आले."

ती आत गेली. खोलीच्या दारात थांबली. बंद खिडक्यांकडे बघितलं, मग पलंगाखालून डोकावणाऱ्या पेंढ्याकडे. आंब्याचा वास इतका दाट होता की मलाच, सवय असून, क्षणभर जाणवला.

"अढी?" ती म्हणाली. "डबीच्या समोर?"

"दरवर्षी तिथेच घालतो."

"दरवर्षी मॅडम डबी गाळ्यात ठेवायच्या. नि खिडक्या उघड्या असायच्या." ती माझ्याकडे वळली. "काका, खरं सांगा. रविवारी भाट्याला जाता?"

"नाही."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून."

"आणि मी फोन करायचे तेव्हा?"

"इथेच बसलेलो असायचो."

ती जमिनीवरच बसली, पलंगाला पाठ टेकून. मग म्हणाली, "तो माणूस आत पडला असता तर? त्याच्या घरी जाऊन मी काय सांगणार होते? की काकांना खिडकी उघडवत नव्हती?"

तो माणूस कोण, त्याला बायको-मुलं किती, मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्या पायरीवर बसलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण डोकं धरलेले त्याचे हात मला दिसतात.

"माझंपण चुकलं," ती म्हणाली. "खरी हवा असली की आकडा थोडा हलतो. चारशे वीस, अठरा, बावीस. ही अंगणात चारशेवर थिजून बसली होती. चारशेच्या खाली दाखवायचंच नाय असं मॅडमनीच लावून ठेवलंय, म्हणून तिथे अडकली. मी घाईत एकदाच बघितलं." तिने पेंढ्यात हात घातला, एक आंबा काढला, देठाशी हुंगला. "झालेत की हे. अजून दोन दिवस ठेवलेत तर कुजतील."

मग उठली, फळीवरची डबी घेतली. "ही मी नेते. आपली आपण सरळ व्हायला तिला आठवडा लागेल. आत बटण हाय, गच्चीवर नेऊन पाच मिनिटांत सरळ करते. नि यापुढे ही गाळ्यातच राहूदे."

तिचं बरोबर होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "परवा रविवार आहे. भाट्याला मी नेतो. तिथे सरळ करतो, आणि सोमवारी गाळ्यात आणून देतो."

तिने डबी छातीशी धरली. "मॅडम सांगायच्या, पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्याला तुम्ही दुसरं पुस्तक देत नव्हतात. प्राचार्यांना पण नाही दिलं म्हणे एकदा."

"नाही दिलं."

"मग मी कशी देऊ?"

तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण डबी घेऊन ती निघाली नाही. ती माझ्यासाठी थांबली होती.

"दंड भरा," ती म्हणाली. "अढी काढा नि खिडक्या उघडा. मी बघत्ये."

अढी काढायला वेळ लागला. ती मदतीला वाकली नाही. एकेक आंबा काढून मी टोपलीत ठेवला, पेंढा गोळा करून मागच्या अंगणात टाकला. मग खिडकीशी गेलो. खारी हवा, सहा महिने न हललेली कडी. हाताने निघेना. चपलेने ठोकली. दुसऱ्या ठोक्याला निघाली आणि दार एकदम बाहेर गेलं, जांभ्याच्या भिंतीवर आपटलं. बाहेर काही विशेष नव्हतं. रिक्षा उतारावर वळत होती. कुणाच्या तरी घरात मासे तळत होते. खाली पडलेली पेंढ्याची काडी उडून पलंगाखाली गेली.

मी वळून डबीकडे बघितलं. काय बदल अपेक्षित होता कुणास ठाऊक. आकडा पाचशेवरून उतरला आणि चारशेवर थिजला.

"दिसतंय ना, कसा बसलाय?" ती म्हणाली. मग बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनांतली एक काढून माझ्या हातावर ठेवली. "मागे बारीक भोक हाय. भाट्याला अर्धा तास ठेवा, मग या पिनेने दाबून धरा. दहा म्हणेपर्यंत. दाबताना श्वास सोडायचा नाय तिच्यावर."

"माहीत आहे."

"माहीत होतंच तुम्हाला." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं, पण जाताना उलटी पडलेली चप्पल सरळ केली आणि टोपलीतले सहा आंबे पिशवीत घालून घेतले. मुलांसाठी.

रविवारी सकाळी फडताळातून पाट काढला. रिक्षावाला ओळखीचा निघाला. "बरेच दिवसांनी, सर. मॅडम नाय आल्या?" म्हणाला. मी सांगितलं. मी उतरल्यावर तो म्हणाला, "मी थांबतो, सर. सावकाश होऊदे."

किनाऱ्यावर ओहोटी होती. ओल जिथे संपते ती जागा बरीच खाली गेली होती. पाट मांडला, डबी ठेवली, वाळू सोडली. वारा दक्षिणेकडून होता. दहा पावलं गेलो, आणि मग आणखी दोन.

बारा पावलांवरून आकडा दिसत नाही. आम्हाला कधीच दिसत नसे. उभ्या उभ्या आम्ही अंदाज करायचो, आणि ज्याचा अंदाज चुकेल त्याने घरी गेल्यावर चहा करायचा. मी बहुतेक वेळा हरायचो. ती रोज तोच अभ्यास करणारी, आणि मी आपला मनाला येईल तो आकडा सांगणारा. पण त्या अर्ध्या तासात आमचं जे बोलणं व्हायचं ते घरात कधी होत नसे. घरात ती टेबलावर, मी पुस्तकात. तिथे दोघांनाही करायला काहीच नसायचं. मुलं नसल्याचं आम्ही एकमेकांशी मोकळेपणाने बोललो ते तिथे. तिने नोकरी सोडायचं ठरवलं ते तिथे. गाठ लागल्याचं तिने मला सांगितलं तेही तिथेच, घड्याळ बघत, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "अजून आठ मिनिटं आहेत. आत्ता जवळ जायचं नाही."

अर्धा तास झाला. श्वास कोंडून डबीजवळ गेलो. काचेवर चारशे, न हलणारा. डबी उलटी केली, पिन भोकात घातली, दाबून धरली. दहा मोजले. छाती दुखायला लागली, या वयात श्वास धरवत नाही. डबी सरळ करून पाटावर ठेवली. काच एकदा कोरी झाली आणि मग आकडा आला. चारशे बावीस. एकोणीस. तेवीस. एकवीस.

तो हलताना बघत वाकून राहिलो. आता मागे व्हायचं, बारा पावलं जायचं आणि मग श्वास सोडायचा, हे मला पाठ होतं. पण मी तिथेच सोडला. सगळा, जाळीवर, इतक्या जवळून की काचेवर वाफ धरली. आकडा उसळला. सहाशे, आठशे, नऊशेच्या पुढे गेला. ती असती तर किनाराभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडली असती.

मग वाऱ्याने तो धुऊन काढला आणि आकडा उतरायला लागला. हवा खराब केली होती, आता पुन्हा निवळेपर्यंत थांबायला हवं होतं. मी रिक्षावाल्याला हात करून आणखी अर्धा तास लागेल असं सांगितलं. वाळू उचलून सोडली. वारा तिकडूनच होता. पावलं मोजत मागे गेलो आणि, तिला उभं राहायला जागा सोडून, उभा राहिलो.